साडेनऊचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या वार्षिक शिबिरात 'फोन आणि आपण' या सत्रात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली वळणं तशीच ठेवली आहेत.)

मला दिलेला विषय होता 'समाजमाध्यमांतून जाणीवजागृती'. त्यावर मी बोलणार नाही, हे संयोजक ताईंना आधीच कळवलं होतं. मी बोलणार आहे एका खेळाबद्दल. आम्ही दहावीच्या वर्गमैत्रिणी रात्री फोनवरून एकमेकींना प्रश्न घालतो. परवाचाच प्रश्न सांगते, म्हणजे कल्पना येईल. असा कोणता ग्रह, की ज्याची स्वतःभोवतीची एक फेरी त्याच्या वर्षापेक्षाही मोठी? उत्तर : शुक्र. त्याला स्वतःभोवती एकदा फिरायला आपले सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला २२५. यावर आमची एक मैत्रीण म्हणाली, "मग माझं सासर शुक्रावरच आहे. दिवस मावळतच नाही."

बस्, एवढंच. या माहितीचा आमच्यापैकी कुणालाही काडीचा उपयोग नाही. आणि मी आज त्या निरुपयोगीपणाचीच बाजू मांडायला उभी आहे. काल संध्याकाळी गटचर्चेत अशी सूचना आली की, बायकांना फोनवरच्या प्रश्नमंजुषा आवडतात, तर त्यातूनच आपण कायद्यांची माहिती घराघरांत का पोचवू नये? सूचना चांगल्या मनानं आलेली आहे. पण हा प्रयोग मी करून बसले आहे आणि तो चांगलाच फसलेला आहे. तेव्हा आधी ते ऐका, मग काय ते ठरवा.

आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली, मुलींची. २००४ साली आम्ही दहावी झालो. त्यानंतर जी पांगापांग व्हायची ती झाली. मी पुढे शिकत गेले, समाजकार्यात एम.ए. केलं, संस्थेत लागले. एक बँकेत आहे, एक प्राथमिक शिक्षिका, एक आशाताई. एक शिलाईकाम करते. एक सुरतेला दिलेली आहे, नवरा कापडगिरणीत. एकीचं बिऱ्हाड दर वर्षी दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जातं. बाकीच्यांच्या नावापुढे 'गृहिणी' लिहितात, म्हणजे त्या काय काय करतात ते तुम्हांला सांगायला नको. नावं मी कुणाचीच घेणार नाही, आणि काही तपशील मुद्दाम हलवले आहेत.

व्हॉट्सॲपवर गट होता, पण त्यावर सकाळी फुलांची चित्रं आणि सणाला शुभेच्छा, यापलीकडे काही नसायचं. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, शिक्षिका मैत्रिणीनं एका रात्री सहज विचारलं, "ऑक्टोपसला हृदयं किती?" कुणी म्हणालं एक, कुणी म्हणालं नसतंच. उत्तर तीन. दुसऱ्या दिवशी दुसरीनं विचारलं. त्याचाच पुढे नेम झाला. रात्री साडेनऊला एक प्रश्न. गूगल बघायचं नाही. जी आधी बरोबर उत्तर देईल तिनं उद्याचा प्रश्न घालायचा.

घालायचा, हा शब्द माझा नाही, आजीचा आहे. खुरपायला बायका रांगेनं बसायच्या तेव्हा एकमेकींना उखाणे घालायच्या. उखाणा म्हणजे कोडं. जिला सुटलं नाही तिची थट्टा, जिला सुटलं तिनं पुढचा घालायचा. आज उखाणा म्हटलं की आपल्याला एकच आठवतं, नवऱ्याचं नाव. एके काळी उखाणा 'घातला' जायचा, आता बहुतेक तो 'घेतला' जातो, आणि तोही हळदीकुंकवाला, चारचौघींच्या आग्रहानं. म्हणजे आम्ही काही नवीन केलं नाही. बांधावरचं फोनवर आलं, इतकंच.

दोनएक महिने हे मजेत चाललं. मग शिलाईवाल्या मैत्रिणीनं एका रात्री प्रश्नाचं उत्तर न देता लिहिलं : "बायांनो, साडेनऊला तुमच्या घरी भाकरी कोण करतं?"

आम्हांला आधी तो कोड्याचाच भाग वाटला. मग तिनं हिशेबच मांडला. आतापर्यंतचे किती प्रश्न कुणी जिंकले ते ती वहीत लिहून ठेवत होती. बहुतेक सगळे आम्हां तिघींच्या नावावर होते. मी, बँकवाली आणि शिक्षिका. आम्ही हुशार म्हणून नव्हे. साडेनऊला आमचे हात मोकळे असतात म्हणून. माझ्याकडे स्वयंपाकाला बाई येते, हे इथं सांगताना मला जड जातं, पण खरं ते खरं. शिलाईवालीच्या घरी पुरुषांची पंगत साडेनऊला बसते आणि ती चुलीपुढे असते. उत्तर तिला येत असतं, पीठ हाताला असतं. ऊसतोडवालीचा फोन कोपीत चार्ज होत नाही, मुकादमाकडे लावावा लागतो. ती पहाटे तीनला फडात जायला उठते आणि तेव्हा लिहिते. आमच्या नियमानं ती कायम हरलेलीच.

बघा, आमच्यातल्या कुणीही हा नियम वाईट हेतूनं केला नव्हता. 'जी आधी सांगेल ती जिंकली', किती सरळ आणि समान वाटतं! मी गेली बारा वर्षं वस्त्यांमध्ये 'घरकामाचं मोल' या विषयावर सत्रं घेते. फळ्यावर बाईच्या दिवसाचं घड्याळ काढते. आणि माझ्या स्वतःच्या खेळातलं घड्याळ मला दिसलं नव्हतं.

सरकारच्याच वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांवरच्या माणसांची ही सरासरी आहे, २०१९ साली घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला २९९ मिनिटं वेळ बिनमोल घरकामात जात होता. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बाईचा आकडा २८९ झाला. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली म्हणायची. आमचा खेळ साधारण दहा मिनिटांचाच असतो, हा आपला योगायोग.

मग नियम बदलला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत कधीही द्यायचं. सगळ्यांनी एकीलाच, म्हणजे त्या दिवशी प्रश्न घालणारीला, स्वतंत्रपणे कळवायचं. आणि प्रश्न जिंकणारीनं नाही, दहावीच्या हजेरी क्रमांकाप्रमाणे घालायचा. म्हणजे कुणीही जिंको, पाळी प्रत्येकीची येणार. हे ठरल्यावर पहिल्याच आठवड्यात ऊसतोडवालीची पाळी आली आणि तिनं विचारलं, "असा कोणता प्राणी, ज्याच्यात बाळंतपण नराला असतं?" उत्तर समुद्रघोडा. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते आणि पिल्लं त्याच्या पिशवीतून बाहेर पडतात. त्या रात्री गटावर जे काही विनोद झाले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाहीत. बाळंतविडा कुणी करायचा इथपासून सुरुवात होती. मी किती दिवसांनी एवढी हसले होते!

तिला हे कुठून कळलं? मुलाच्या पुस्तकातून. आमच्यात हा एक नियम नंतर आला : प्रश्न घालणारीनं 'कुठून कळलं' ते सांगायचं. याचं कारण असं की, फोनवर काहीही फिरत असतं. 'युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हे आमच्याकडे तीनदा प्रश्न बनून आलं, आणि ते धादांत खोटं आहे. आपली चळवळही यात मागे नाही बरं का. दर जानेवारीत फातिमा शेख यांच्या जन्मतारखेचा प्रश्न येतो. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, तो आपला भक्कम आधार. पण जी तारीख आपण हार घालून साजरी करतो तिला तसा त्या काळचा आधार कुणी पुढे ठेवलेला नाही. हे मी गटावर लिहिलं तेव्हा एक जण रागावली. मला वाटतं, जी बाई होती तिच्या असण्यासाठी आपल्याला कच्च्या तारखेची गरज पडू नये.

आता सामान्यज्ञानाच्या पुस्तकांविषयी. स्पर्धा परीक्षेची कुठलीही मार्गदर्शिका उघडा. त्यात एक पान ठरलेलं असतं : 'भारतातील पहिल्या महिला'. पहिल्या महिला पंतप्रधान, पहिल्या महिला राज्यपाल, पहिली महिला अमुक. बाकी सगळं पुस्तक पुरुषांचं, पण त्यांच्या पानाला 'पुरुष' असं नाव नसतं. आपल्याला ते एक पान दिलेलं आहे आणि त्यावर फक्त 'पहिली' बसते. दुसरी आली की ती ज्ञानातून गळाली. आणि काही ठिकाणी दुसरी येतच नाही. इंदिरा गांधी १९६६ साली पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. दुसरीचा प्रश्न अजून कुणाला घालता आलेला नाही.

या पानावरून आमच्यात एकदा जुंपली. प्रश्न साधा होता, बँकवालीचा : पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण? सगळ्यांचं उत्तर आनंदीबाई जोशी. आम्ही मराठी, आम्हांला दुसरं काय येणार? पण सुरतवालीनं 'कादंबिनी गांगुली' लिहिलं. तिनं मुलीबरोबर टीव्हीवर काहीतरी बघितलं होतं. झालं. कोण बरोबर? शोधाशोध झाली. आनंदीबाईंनी १८८६ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, पदवी घेतली. कादंबिनी गांगुलींनीही १८८६ मध्येच कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून शिक्षण पुरं केलं. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरला नेमणूक झाली होती, पण प्रत्यक्ष रुग्ण बघायला मिळालेच नाहीत म्हणायचे. कादंबिनीबाईंनी पुढे अनेक वर्षं काम केलं. मग आशाताई म्हणाली, पदवी घेणारी डॉक्टर, की नाडी बघणारी डॉक्टर?

आणि यात तिसरं नाव निघालं, रखमाबाई. बालपणी झालेलं लग्न न मानणारी. १८८४ साली नवऱ्यानं नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. पुढे ती विलायतेला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाली आणि परत येऊन तिनं काम सुरू केलं ते सुरतेत. हे वाचल्यावर सुरतवालीनं एवढंच लिहिलं : "माझ्या सुरतेत?" तिला त्या शहरात राहून पंधरा वर्षं झाली होती. तोवर ते तिच्यासाठी नवऱ्याच्या गिरणीचं शहर होतं.

मार्गदर्शिकेत या प्रश्नाला चार पर्याय असतात आणि एकावर खूण करायची असते. आम्ही त्या दिवशी तिघींनाही गुण दिले. शिक्षिकेला ते अजूनही पटलेलं नाही. "परीक्षेत असं चालत नाही," म्हणते. बरोबरच आहे तिचं.

आता मी केलेल्या चुकीकडे येते.

त्या रात्रीनंतर माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. मला वाटलं, या बायका एवढ्या उत्साहानं शोधतात, वाचतात, भांडतात. मग हे समुद्रघोडे आणि ऑक्टोपस कशाला? माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा कोणत्या साली झाला?" २००५. पुढच्या पाळीला, "महिलांसाठी मदतवाहिनीचा क्रमांक कोणता?" १८१. मग मला पाळीची वाट बघवेना. दुसऱ्यांच्या प्रश्नाखाली मी पुरवणी माहिती टाकायला लागले. कुणी चहाबद्दल विचारलं की मी चहामळ्यातल्या बायकांच्या मजुरीबद्दल लिहायची. माहिती सगळी खरी होती. उत्तरं येणं कमी झालं. बारा जणी खेळायच्या, त्या सात झाल्या, मग पाच. मी मनात म्हटलं, बायकांना गंभीर विषय नको असतात. हे वाक्य मी मनात म्हटलं, मी! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

शेवटी जिनं गट सोडला तिला मी फोन केला. ती 'गृहिणी'वाल्यांपैकी एक. ती म्हणाली, "हे बघ, दिवसभर मला सगळे शिकवतात. सासू शिकवते, डाळीला फोडणी कशी घालायची. सोळा वर्षं झाली तरी शिकवते. पोरगा शिकवतो, फोन कसा धरायचा. आशाताई शिकवते, बचतगटाच्या मॅडम शिकवतात. शाळेत पालकसभेला गेलं की तिथं पण शिकवतात. हे एक ठिकाण होतं जिथं मला कुणी सुधारत नव्हतं. तिथं तू मॅडम होऊन आलीस."

मी काय बोलणार?

आपण बाईच्या श्रमाबद्दल बोललो, तिच्या शरीराबद्दल, तिच्या संपत्तीबद्दल बोललो. बाईच्या रिकाम्या वेळाबद्दल आपण फार कमी बोललो आहोत. पुरुष पारावर बसतो, क्रिकेटचे चाळीस वर्षांपूर्वीचे धावफलक पाठ म्हणून दाखवतो, त्याला कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय. त्याला आपण 'माहितगार' म्हणतो. बाईनं काही जाणून घ्यायचं तर त्याला कारण लागतं. मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून, घर चांगलं चालावं म्हणून, बचतगटासाठी म्हणून. मुलगी शिकली, प्रगती झाली, ती कुणाची? कुटुंबाची. आणि आपणही, मैत्रिणींनो, तिला सांगतो की तू जाणून घे, कारण ते तुझ्या हक्काच्या लढाईत उपयोगी पडेल. आपला हेतू वेगळा आहे, मान्य. पण तिच्या दहा मिनिटांवर आपणही हक्क सांगतोच.

इथे बबिता ताडे यांची आठवण काढते. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मानधन. २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'मध्ये त्यांनी एक कोटी जिंकले. त्या वेळी सगळ्यांनी त्यांच्या गरिबीचं कौतुक केलं. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. घरात सगळ्यांत मिळून एकच फोन होता, म्हणून स्वतःचा फोन घ्यायची इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. एवढं सगळं त्या बाईनं खिचडी ढवळत, घर बघत, कुणाच्याही सांगण्याशिवाय जमा केलं होतं. ते तिला कधी तरी 'उपयोगी' पडलं म्हणून आपल्याला दिसलं. ज्यांना ते कधीच उपयोगी पडत नाही अशा किती जणी चुलीपुढे बसल्या असतील!

मी गटावर माफी मागितली आणि वर्षभर कायद्याचा एकही प्रश्न घातला नाही.

आणि मग गंमत बघा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका 'गृहिणी' मैत्रिणीची पाळी होती. तिनं विचारलं, "१९९४ साली महाराष्ट्रात आपल्याला काय मिळालं, जे आपल्यापैकी कुणी घेतलं नाही?" मी गप्प बसले. जिभेवर उत्तर असून गप्प बसणं किती अवघड असतं, ते तुम्हां सगळ्यांना माहीत आहे! कुणी लिहिलं, महिला धोरण. तेही १९९४ चंच. पण तिच्या मनातलं उत्तर दुसरं होतं : त्या वर्षी राज्यानं हिंदू वारसा कायद्यात बदल करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. देशभर तो २००५ साली आला, आणि बाप हयात असो की नसो, मुलीचा हक्क जन्मापासून आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं. आम्ही १९९४ साली सहा-सात वर्षांच्या होतो, सगळ्या अविवाहित! म्हणजे सगळ्यांना तेव्हापासूनच.

नियमाप्रमाणे कुणीतरी विचारलं, कुठून कळलं? ती म्हणाली, "तलाठ्याकडे. भावानं हक्कसोडपत्रावर सही करायला नेलं होतं. मी विचारलं, कशाचा हक्क सोडायचाय? तिथल्या एका माणसानं सांगितलं."

सही केलीस का, असं कुणी विचारलं नाही. तीच म्हणाली, केली. थोड्या वेळानं दुसरीनं लिहिलं, मी पण, २०१२ ला. मग तिसरीनं. आमची मुसलमान मैत्रीण म्हणाली, "आमच्यात मुलीला मुलाच्या निम्मा. पण तेवढा तरी कोण देतं, आणि कोण मागतं?" त्या रात्री बारा वाजेपर्यंत कुणी झोपलं नाही. माहेर तुटेल ही भीती, दिवाळीची साडी, भावजयीचा चेहरा, सगळं निघालं. दोघींनी नंतर मला वेगळा फोन करून विचारलं, आता काय करता येईल. त्या दोघींबरोबर मी वकिलाकडे गेले. त्याचं काय व्हायचं ते होईल, लांबचं काम आहे.

म्हणजे शेवटी उपयोग झालाच की, असं तुम्ही म्हणाल. काल जेवताना एक ताई म्हणाल्याही. झाला, पण तो प्रश्न तिचा होता. तो तिनं तिच्या पाळीला, तिला वाटलं तेव्हा, कोड्यासारखा घातला. मी वर्षभर आधी तोच प्रश्न घातला असता तर बरोबर साल लिहून सगळ्या झोपल्या असत्या.

आता शेवटची गोष्ट सांगते, आणि ती काही सुटलेली नाही. एका पाहणीनं, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं, असं नोंदवलं की १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल आहे. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७. पण 'स्वतः वापरता येईल' म्हणजे काय, हे कुठल्याच पाहणीत नीट मावत नाही. आमच्यातल्या एकीकडे फोन आहे, तिच्याच नावाचं सिमकार्ड आहे. रात्री नवरा तो उशाशी घेतो. एकदा त्यानं रात्री अकराला आलेला निरोप पाहिला. निरोप काय होता? "पर्याय ब, पेंग्विन." त्याला वाटलं ही सांकेतिक भाषा आहे. हसू नका, मीही आधी हसले होते. त्यानं गट काढून टाकला, आणि तिला दोन दिवस कुणाशी बोलू दिलं नाही.

मी तिला भेटले. सगळं सांगितलं, मानसिक छळही कायद्यात येतो, संरक्षण अधिकारी असतात, मी बरोबर येते. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "मला ते माहीत आहे. तूच तर विचारलं होतंस, कोणत्या साली. मला केस करायची नाही गं. मला प्रश्न घालायचेत."

तेव्हापासून ती मुलीच्या फोनवरून खेळते. मुलगी बारावीला आहे, अभ्यासासाठी तिला फोन मिळालेला आहे. सकाळी दहाच्या आत मुलीचा निरोप येतो : "आई म्हणते क." कधी मुलगी स्वतःचंही उत्तर पाठवते आणि आईशी वाद घालते. येत्या जूनमध्ये मुलगी कॉलेजला बाहेरगावी जाईल, फोन तिच्याबरोबर जाईल. आम्ही वर्गणी काढून साधासा फोन घेऊन द्यायचं म्हटलं. ती म्हणाली, "नवीन वस्तू घरात दिसते. ठेवू कुठं?" यावर आमच्यातल्या कुणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. तुमच्यापैकी कुणी असं काही हाताळलं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर भेटा.

तिचा हजेरी क्रमांक चौदा. आम्ही इतकं ठरवलं आहे की, जूननंतरही क्रमांक पुढे सरकवायचा नाही. चौदाची पाळी येईल त्या रात्री साडेनऊला दुसऱ्या कुणीही प्रश्न घालायचा नाही.